निसानची ल माँची गाडी नेमकी कुठे अडली, आणि तुमच्या गाडीने त्यातून काय घ्यावं

ऐरोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला टीमचा प्रश्न असा आहे: २०१५ साली निसानने ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत, सर्वांत वरच्या एलएमपी१ गटात, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी उतरवली. एक शर्यत झाली आणि वर्षअखेरीस सगळा प्रकल्प बंद केला. पुढची चाकं चालवायची कल्पनाच मुळात चुकीची होती का? टीममधल्या काही जणांना आपली पुढची गाडीही फ्रंट-व्हील ड्राइव्ह करायची आहे, ती करावी का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण कारणं अगदी वेगळी आहेत. निसानची कल्पना चुकीची नव्हती. तुमच्या गाडीला मात्र ती लागू होत नाही.

आधी काय घडलं ते पाहू. गाडीचं नाव जीटी-आर एलएम निस्मो. रचनाकार बेन बोल्बी, म्हणजे २०१२ च्या डेल्टाविंग या बाणासारख्या शर्यतीच्या गाडीचेच. कॉसवर्थच्या मदतीने केलेलं ३ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही६ पेट्रोल इंजिन ड्रायव्हरच्या पुढे बसवलेलं, आणि ताकद पुढच्या चाकांना. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सुपर बोलच्या जाहिरातीत गाडी जगासमोर आली. सिल्व्हरस्टोन आणि स्पा या मोसमातल्या पहिल्या दोन शर्यती सोडून द्याव्या लागल्या, त्यामुळे गाडीची पहिलीच शर्यत थेट ल माँ ठरली. तीन गाड्या होत्या. सर्वांत वेगवान लॅप ३ मिनिटे ३६.९९५ सेकंदांचा. त्याच पात्रता फेरीत पोर्शच्या नील यानीने ३ मिनिटे १६.८८७ सेकंद काढले होते. म्हणजे १३.६२९ किलोमीटरच्या एका लॅपमध्ये २० सेकंदांची तफावत, दर किलोमीटरला जवळजवळ दीड सेकंद. पोलच्या, म्हणजे पात्रतेतल्या सर्वांत वेगवान वेळेच्या, ११० टक्के म्हणजे ३ मिनिटे ३६.५७६ सेकंद होतात. तीही मर्यादा थोडक्यात हुकली आणि तिन्ही गाड्यांना एलएमपी२ या खालच्या गटाच्या मागे उभं केलं गेलं.

शर्यतीत २१ क्रमांकाची गाडी चाक निखळून ११५ लॅपवर बाद झाली. २३ क्रमांकाची गाडी शर्यत संपत आली असताना २३४ लॅपवर थांबली. २२ क्रमांकाच्या गाडीने शेवटचा झेंडा पाहिला, पण तिचे लॅप भरले २४२. विजेत्या पोर्शचे लॅप होते ३९५, आणि निकालात नाव येण्यासाठी त्याच्या ७० टक्के, म्हणजे निदान २७७ लॅप हवे होते.

या २४२ आकड्यापाशी जरा थांबा, कारण बहुतेक लोक इथेच चुकीचा निष्कर्ष काढतात. गाडी धिमी होती म्हणून ती मागे पडली असं वाटतं. हिशोब करून पाहा. शर्यतीत सरासरी लॅप ३ मिनिटे ५० सेकंदांचा धरला, तरी २४२ लॅपना साडेपंधरा तास पुरतात. उरलेले साडेआठ तास गाडी पिटमध्ये किंवा गॅरेजमध्ये होती. त्यातला इंधन, टायर आणि ड्रायव्हर बदलण्याचा नेहमीचा वेळ वजा केला तरी कित्येक तास दुरुस्तीत गेले. २० सेकंदांची तफावत मोठीच होती, पण निकालातून नाव गेलं ते टिकाऊपणाअभावी. म्हणून विचारायचा प्रश्न हा की इतकं मोडत का होतं.

तो सोडवण्यासाठी ही रचना का निवडली हे कळायला हवं. त्या वेळच्या नियमांत गाडीच्या मागच्या भागातल्या हवेच्या रचनेवर कडक बंधनं होती आणि पुढच्या भागाला तुलनेने मोकळीक होती. बोल्बींचा तर्क सरळ होता: जिथे मोकळीक आहे तिथे खाली दाबणारा जोर तयार करा, तो कमी अवरोधात मिळतो. पुढे जोर जास्त, तर वजनही पुढे हवं. वजन पुढे, तर रुंद टायरही पुढे हवेत. म्हणून पुढचे टायर १४ इंच रुंद, मागचे ९ इंच, आणि सुमारे ६५ टक्के वजन पुढच्या आसावर. मागे इंजिन-गिअरबॉक्स नसल्याने पुढून शिरलेली हवा ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनी मोठ्या बोगद्यांतून सरळ मागे काढता आली. हा विचार पूर्णपणे सुसंगत आहे. सरळ रस्त्यावर गाडी इतरांच्या तुलनेत मागे नव्हती, आणि हवेचा भाग जमला होता हे त्यातूनच दिसतं.

‘शर्यतीची गाडी पुढच्या चाकांवर चालूच शकत नाही’ हेही खरं नाही. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षं ब्लू क्राउन संघाच्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्याच जिंकल्या. तिथली वळणं लांब आणि वेगवान, म्हणून थांबलेल्या अवस्थेतून उसळी घेण्याची गरज कमी. ल माँमध्येही लॅपचा मोठा भाग वेगात जातो.

मग बिघडलं कुठे? फ्लायव्हीलपाशी.

मूळ आराखड्यात गाडीला टोरोट्रॅक कंपनीची फ्लायव्हीलवर चालणारी यांत्रिक ऊर्जासाठवण प्रणाली होती. ब्रेक लावला की गाडीची गतिज ऊर्जा बॅटरीत न जाता एका फिरत्या चकतीत जाणार आणि वळणातून बाहेर पडताना तीच परत मिळणार. एका लॅपमागे ८ मेगाज्यूलच्या गटात उतरण्याचा बेत होता आणि इंजिन धरून एकूण सुमारे १२५० अश्वशक्तीची भाषा होती. यातली काही ताकद मागच्या चाकांना द्यायचाही विचार होता. प्रत्यक्षात नोंदणी सर्वांत खालच्या २ मेगाज्यूलच्या गटात झाली आणि ल माँमध्ये प्रणाली वापरलीच गेली नाही.

हे काम किती अवघड आहे ते आकड्यांत पाहू. समजा ५ किलोची, १० सेंटीमीटर त्रिज्येची भरीव चकती मिनिटाला ६०,००० फेरे घेते आहे. तिच्यात साठते सुमारे अर्धा मेगाज्यूल ऊर्जा. तिच्या कडेचा वेग होतो सेकंदाला ६२८ मीटर, आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट. उघड्या हवेत ती फिरवली तर घर्षणानेच तापेल, म्हणून ती निर्वात डब्यात ठेवावी लागते. निर्वात डबा म्हणजे सील आले, आणि त्या वेगाला बेअरिंगच्या वंगणाचा प्रश्न आला. सर्वांत चिवट अडचण याच्याही पुढची आहे. गाडी मंदावत असताना चकतीचा वेग वाढायला हवा आणि गाडी वेग घेताना तो उतरायला हवा. दोघांचे वेग कायम उलट्या दिशेने सरकतात. त्यांना जोडणाऱ्या यंत्रणेचं गुणोत्तर ब्रेकच्या त्या दोन-तीन सेकंदांत सतत बदलत राहिलं पाहिजे, तेही शेकडो किलोवॅटचा भार घेऊन. क्लच घसरवून हे साधायचं तर क्लच तापतो. बॅटरीच्या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. इथे ते धातूवर पडतं.

प्रणाली बाद झाली आणि गाडी नुसती कमी ताकदीची झाली असती तर एकवेळ चाललं असतं. पण बाकी सगळी गाडी ती प्रणाली असणार हे गृहीत धरून बनली होती.

ब्रेक घ्या. ड्रायव्हर आणि इंधनासह १००० किलोची गाडी ताशी ३२० किलोमीटरवरून १०० वर आणायची तर सुमारे ३.६ मेगाज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. थोडी हवेच्या अवरोधात जाते, बाकी ब्रेकमध्ये. पुढच्या आसावर ७० टक्के धरले तर प्रत्येक पुढच्या डिस्कवर सव्वा मेगाज्यूलच्या आसपास येते. दीड किलोच्या कार्बन डिस्कचं तापमान तेवढ्याने ५०० अंशांनी चढू शकतं, आणि ल माँच्या एका लॅपमध्ये असे मोठे ब्रेक निदान सहा ठिकाणी लागतात. फ्लायव्हीलने यातला मोठा वाटा उचलायचा होता. तो उचललाच नाही, आणि त्याचा हिस्सा धरून ठरवलेल्या ब्रेकांवर संपूर्ण भार आला. कार्बन खूप तापला की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन झिजतो, डिस्क पातळ होते, पॅड संपतात. ड्रायव्हरला लवकर ब्रेक लावावा लागतो आणि दर ब्रेकला काही दशांश सेकंद जातात. २० सेकंदांतले काही असेच गेले.

मग टायर. एका टायरकडे एका क्षणी ठरावीक पकड असते. ती वळण्यासाठी, ओढण्यासाठी आणि थांबण्यासाठी वाटून द्यावी लागते. मागच्या चाकांना ताकद मिळाली असती तर वळणातून निघताना पुढच्या टायरला वळण्यापुरती पकड शिल्लक राहिली असती. ती सोय गेल्यावर वळवणं, ओढणं आणि ब्रेकचा बहुतेक भार, सगळं पुढच्या दोन टायरवर आलं. सस्पेन्शनही इतकं नाजूक ठरलं की ड्रायव्हरना कर्बवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून, जाणं टाळावं लागलं. ल माँच्या शिकेनमध्ये, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणांत, कर्ब न घेता जायचं म्हणजे गाडीचा मार्ग बदलायचा आणि पुन्हा वेळ घालवायचा.

शिवाय वेळ कमी होता. पोर्शची ९१९ जून २०१३ मध्ये पहिल्यांदा धावली आणि एप्रिल २०१४ मध्ये पहिल्या शर्यतीत उतरली. मध्ये दहा महिने चाचणी झाली, तीही हायब्रिड प्रणालीसकट. निसानची गाडी २०१४ च्या अखेरीस धावू लागली आणि जूनमध्ये ल माँला होती. त्या मधल्या काळात हायब्रिडशी झुंजणं, ब्रेक सांभाळणं आणि अनोळखी वजनवाटपाची सवय करून घेणं, सगळं एकदम चाललं होतं. माझ्या मते प्रकल्प इथेच हरला. इतकी वेगळी रचना आणि इतकी वेगळी साठवण एकाच गाडीत, एकाच वर्षी घ्यायला नको होती. साध्या इंजिनाची, हायब्रिड नसलेली, तेवढ्यासाठी ब्रेक मोजलेली गाडी आधी धावली असती तर ही रचना खरोखर किती चांगली होती ते कळलं असतं. ते आजही कुणाला माहीत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ल माँनंतर गाडी पुन्हा शर्यतीत दिसली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये प्रकल्प बंद झाला.

असं होणारी निसान एकटी नाही. १९९० मध्ये सुबारूच्या नावाने कोलोनी संघाकडे आलेल्या आडव्या १२ सिलिंडरच्या इंजिनाला फॉर्म्युला वनच्या पूर्वपात्रतेतूनही वर येता आलं नाही. १९९१ मध्ये पोर्शचं जड व्ही१२ इंजिन फुटवर्क संघाने मोसमाच्या मध्येच काढून टाकलं. २०११ मध्ये ॲस्टन मार्टिनच्या दोन नव्या गाड्या ल माँमध्ये २ आणि ४ लॅपवर थांबल्या. तिन्हींची तांत्रिक कारणं निरनिराळी होती. घाई मात्र सगळीकडे होती.

आता तुमची गाडी.

फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी तुम्ही केटीएम ३९०चं ३७३ सीसीचं एक-सिलिंडर इंजिन आणि २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा रोखणारी अरुंद नळी) वापरता आहात असं धरतो, बहुतेक टीम तेच करतात. ड्रायव्हरसह गाडी ३२० किलो, व्हीलबेस १.५५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.३ मीटर, टायरचा घर्षणगुणांक १.३ आणि वजन पुढे-मागे निम्मं निम्मं. गाडी वेग घेते तेव्हा वजन मागे सरकतं. ते मोजून घेतलं तर मागची चाकं चालवून जास्तीत जास्त ०.८७ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) त्वरण मिळतं, पुढची चालवून फक्त ०.५२ जी. निसानसारखं ६५ टक्के वजन पुढे नेलं तरी ०.६८ जीच्या पुढे जात नाही. ७५ मीटरच्या ॲक्सिलरेशन चाचणीत पहिल्या गिअरनंतर इंजिनाची ताकद आधी संपते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक आकड्यांइतका दिसणार नाही, पण सुटण्याच्या क्षणी तो नक्की दिसेल. आणि तुमच्या ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरचे सरळ रस्ते नाहीत. सगळी वळणं प्लॅस्टिकच्या शंकूंनी आखलेली, आखूड, हळू वेगाची, पुन्हा पुन्हा वेग घ्यायला लावणारी. निसानला जो फायदा हवेतून मिळणार होता तो तुमच्या वेगाला जवळजवळ मिळतच नाही. तोटा मात्र पूर्ण मिळतो.

दुसरी अडचण जागेची. नियमानुसार कॉकपिटमधून ३५० बाय ३५० मिलिमीटरचा टेम्प्लेट (मोजमापाचा साचा) पेडलपासून १०० मिलिमीटरपर्यंत पुढे सरकला पाहिजे. त्या पोकळीच्या वर, खाली किंवा पुढे इंजिन, चेन आणि डिफरन्शियल बसवायचं तर गुरुत्वमध्य वर जातो किंवा नाक लांबतं. तिसरी गोष्ट शाफ्टची. मागच्या चाकांना मारुती ८०० चे शाफ्ट कापून, दोन्ही टोकांना ट्रायपॉड जॉइंट (तीन रोलरचा सांधा) लावून काम भागतं, कारण तिथे कोन फक्त सस्पेन्शनच्या हालचालीचा असतो. पुढे स्टिअरिंगचा कोनही येतो. आखूड वळणाला चाक ३० अंशांच्या आसपास वळलं की ट्रायपॉड पुरत नाही, बाहेरच्या टोकाला गोळ्यांचा सीव्ही जॉइंट लागतो. तो जड असतो आणि बूट फाटला की ग्रीस बाहेर. शिवाय अपराइटमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या भागात) हब, बेअरिंग, कॅलिपर आणि स्टिअरिंग आर्म सगळ्यांना जागा करायची. डावा-उजवा शाफ्ट कमी-जास्त लांबीचा झाला तर गाडी थ्रॉटल देताच एका बाजूला ओढते आणि ड्रायव्हरचे हात त्याच्याशी झगडण्यात थकतात.

तेव्हा मागची चाकं चालवा. पण निसानचा खरा धडा तुम्हाला वेगळ्या ठिकाणी लागू होतो. गाडीत नवीन, न तपासलेला असा एकच भाग ठेवा, आणि तो काढून टाकला तरी उरलेली गाडी २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स फेरी पूर्ण करील अशी तिची मोजणी करा. इलेक्ट्रॉनिक गिअर शिफ्टर करायचा असेल तर हाताने चालणाऱ्या लिव्हरची जागा आणि केबलचा मार्ग पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये हवा. ॲल्युमिनियमच्या नव्या अपराइट करायच्या तर मागच्या वर्षीच्या स्टीलच्या अपराइट बसतील असेच विशबोनचे (सस्पेन्शनच्या दांड्यांचे) जोडबिंदू ठेवा. पंखातून मिळणारा दाब धरून ब्रेक मोजू नका. पंख निघाला तर चाक लवकर लॉक होतं.

ब्रेक मोजताना मी वर केला तोच हिशोब करा: सर्वांत जास्त वेगाची ऊर्जा, पुढचा वाटा, डिस्कचं वजन. मग खरोखर तपासा. तापमान दाखवणारा रंग डिस्कच्या कडेला तीन पट्ट्यांत लावा, गाडी सलग २० मिनिटं पळवा आणि कोणती पट्टी बदलली ते पाहा. द्रवरूप ब्रेक ऑइल पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत उघडी बाटली दुसऱ्या महिन्यात वापरू नका, सीलबंद नवी घ्या.

वेळापत्रक उलट्या बाजूने मांडा. स्पर्धा जानेवारीच्या आसपास कोइम्बतूरला. जून ते सप्टेंबर इकडे मोकळं कोरडं मैदान मिळणं कठीण, पार्किंगची जागा मिळाली तरी डांबर ओलं. म्हणून पावसाळ्यात गाडी जोडायची आणि दिवाळीपर्यंत ती स्वतःच्या इंजिनावर धावलीच पाहिजे. त्यासाठी रबाळे-महापेच्या गाळ्यांत सीएनसीची कामं जूनच्या आधी द्या. गणपतीच्या आठवड्यात जॉब दिला तर तो दसऱ्याला हातात येतो, हे तिथलं कुठलंही वर्कशॉप सांगेल. हब आणि शाफ्ट हार्डनिंगसाठी वागळे इस्टेटला पाठवणार असाल तर हार्डनिंगनंतर ग्राइंडिंगसाठी ०.२ ते ०.३ मिलिमीटर माल शिल्लक ठेवून टर्निंग करून घ्या, नाहीतर वाकलेला शाफ्ट सरळ करायला मालच उरत नाही. आणि परत आलेला प्रत्येक शाफ्ट डाय पेनेट्रंटने तपासा: लाल रंग लावा, १० मिनिटांनी पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. स्प्लाइनच्या मुळाशी लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट बाजूला.

वजन प्रत्यक्ष करा, सीएडीवर विसंबू नका. रेसिंगचे काटे महाग असतात. त्याऐवजी १५० किलो क्षमतेचे चार सारखे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे भाड्याने मिळतात का ते वाशीच्या एपीएमसीच्या आसपास विचारा. चारही काट्यांवर आधी एकच वजन ठेवून ते एकसारखं दाखवतात का पाहा. मग पाण्याच्या लेव्हल पाइपने चारही काट्यांचे माथे २ मिलिमीटरच्या आत एका पातळीत आणा, खाली पत्र्याच्या पट्ट्या सारा. टायरमध्ये ठरलेली हवा, टाकीत इंधन, सीटवर ड्रायव्हर, अँटी-रोल बारचे लिंक सोडलेले. गाडी दोन-तीन वेळा दाबून सोडा, मग आकडे घ्या. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या ४९ ते ५१ टक्क्यांत आली पाहिजे. येत नसेल तर ज्या कोपऱ्यावर वजन कमी आहे तिथली स्प्रिंगची बैठक अर्धा फेरा घट्ट करा आणि पुन्हा मोजा. नवीन भाग बसवलेली आणि तो भाग काढलेली, अशा दोन्ही अवस्थांत हे करा.

गाडीचं एकूण वजन, चारही कोपऱ्यांचे आकडे आणि डिस्कचा व्यास कळवलात तर पॅड कोणता घ्यायचा आणि पुढचा-मागचा मास्टर सिलिंडर कोणत्या मापाचा, हे नक्की सांगता येईल. ते ठरेपर्यंत अपराइटचं ड्रॉइंग मशिनवर देऊ नका.